सातव्या गाडीखालचा पाय

एकापाठोपाठ एक सात मोटारसायकली आडव्या व्हायला किती वेळ लागतो? डोळ्याचं पातं लवतं तेवढा, असं कोणी सांगत असेल तर त्याने ते कधी पाहिलेलं नाही. चांगला भरपूर वेळ लागतो. त्या दुपारी जुन्या गाड्यांच्या दुकानात पहिली गाडी कलली, तेव्हा दुकानदार मामांनी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, "अगं अगं अगं" असं तीनदा म्हणून झालं, तेव्हा कुठे चौथी पडत होती. दुकानातलं मांजर उठलं, त्याने आळस दिला आणि ते वरच्या फळीवर जाऊन बसलं. पाचवी... सहावी... ज्याला ज्याला पाय होते त्याने त्याने ते काढून घेतले. फक्त सातव्या गाडीपाशी एक उंच माणूस हातात पान्हा धरून खांबासारखा उभा राहिला — आणि सातवी त्याच्या उजव्या पायावर पडली.

पहिल्या गाडीपाशी, दोन्ही हात तोंडावर धरून, ती उभी होती.

ती म्हणजे हाडांच्या दवाखान्यातली प्लास्टरबाई. गावातलं कोणतंही हाड मोडलं की शेवटी तिच्याच हाताखाली यायचं. तुटलेली माणसं बघून बघून तिचा जीव घट्ट झाला होता. पण आपण स्वतः कोणाला तोडलं, असं आजवर झालं नव्हतं.

ती धावत शेवटच्या टोकाला गेली. माफी मागायची होती. तोंडातून निघालं भलतंच.

"पाय का नाही काढलात तुम्ही?"

तो माणूस कळवळला होता, पण जीभ शाबूत होती. "तुमचे पाय जमिनीला का नाही पोचले?"

"गाडी उंच होती!"

"ती काल पण उंचच होती, ताई. बसण्याआधी बघायचं असतं."

"सात गाड्या पडेपर्यंत माणूस पाय काढून, धुऊन, वाळत घालेल! तुम्ही आपले बघत बसलात!"

या वाक्यावर तो का कोण जाणे हातातला पान्हा न्याहाळू लागला. मामांनी त्याला आधार दिला आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "हा माझा भाचा. मोटारसायकल शिकवतो. गावात दुसरं कोणी शिकवत नाही."

आता तिने खरोखर डोक्याला हात लावला. त्याला कारण होतं.

डोंगरावरच्या वस्त्यांसाठी दवाखान्यात एक फिरती जागा निघाली होती. हाड मोडलेली म्हातारी माणसं एकदा खाली यायची, प्लास्टर घालून वर जायची, आणि पुन्हा कोणी उतरायचं नाही. एक आजोबा तर सहा आठवड्यांचं प्लास्टर पाच महिने पायात घेऊन आले होते. त्यावर नातवंडांनी तेरापर्यंत पाढे लिहिले होते. ते प्लास्टर कापताना तिने आतला काडीसारखा पाय पाहिला, आणि त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. मोठे डॉक्टर म्हणाले, "जागा तुझीच. पण वर बस जात नाही. स्वतःची मोटारसायकल आणि लायसन्स हवं, आजपासून सहा आठवड्यांत. नाहीतर जागा रद्द होईल, मग मी तरी काय करू?"

त्या सहा आठवड्यांतला हा पहिला दिवस. आणि शिकवणारा गावातला एकुलता एक माणूस तिने पहिल्याच तासाला मोडून ठेवला होता.

प्लास्टरच्या खोलीत तिची अर्ध्या दिवसाची रजा आपोआप रद्द झाली, कारण घालणारी दुसरी कोणी नव्हती. मास्तर (भाच्याला सगळं गाव हेच म्हणायचं) टेबलावर आडवे. तिने पायाला कापूस गुंडाळला, ओल्या पट्ट्या पिळल्या, एकावर एक चढवल्या.

"आता हे गरम होईल. घाबरायचं नाही."

"मी घाबरत नाही."

"म्हणूनच पाय मोडतात." तिने उघड्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी झालं. "रक्त बरोबर फिरतंय. हे रोज बघावं लागेल."

नखाला रंग आला होताच. पण मास्तरांच्या कानांनाही आला होता. तिने त्याची नोंद केली नाही. दवाखान्याच्या कागदावर कानांसाठी रकाना नव्हता.

"सहा आठवडे," ती म्हणाली.

"मला पण तेवढेच," ते छताकडे बघत म्हणाले. "तुमची जागा... मामांनी सांगितलं. शिकवतो मी. खुर्चीत बसून शिकवीन. पण माझ्या पद्धतीने, ताई. घाई चालणार नाही."

ती पद्धत कशी असणार हे आधी कळतं, तर तिने डोंगरावर खेचर नेलं असतं.

तिच्या मनात लाल गाडी होती. तीच ती, पहिली, सातांचा संसार मोडणारी. लाल, उंच, चकचकीत. मास्तरांनी बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या बुटक्या, उंदराच्या रंगाच्या गाडीकडे.

"ही? ही तर कोणी विसरून गेल्यासारखी दिसते."

"बसा. दोन्ही टाचा टेकतात?"

"टेकतात, पण..."

"आता उतरा आणि आडवी पाडा."

"काय?"

"हळूच. एक आपली आपण पाडलीत की सवय होईल. आधी फक्त इतरांच्या पाडल्यात."

आडवी पडलेली गाडी उचलायची म्हणजे तिच्याकडे पाठ करायची, सीटला टेकून बसायचं, एका हाताने हँडल आणि एका हाताने मागची दांडी धरायची, आणि कमरेने नाही, पायांनी रेटत मागे मागे चालायचं. उंदीर तिसऱ्या खेपेला उठला. लाल गाडी मात्र, ओरखडे नकोत म्हणून, गादीवर आडवी केली ती केलीच. तिने दात खाल्ले, पाय रेटले, तोंड गाडीपेक्षा लाल झालं. गाडी जागची हलली नाही.

"वर डोंगरात पडलीत तर उचलायला मामा येणार नाहीत," मास्तर म्हणाले. "जी एकटीला उचलता येते ती आपली गाडी. बाकीच्या फक्त बघायच्या."

ती उंदीर घेऊन आली. चिडत आली, पण घेऊन आली.

बंद गोदामामागे सिमेंटचं मोठं पटांगण होतं. त्यावर चुन्याने आठचा आकडा काढलेला. मधोमध लोखंडी खुर्ची, खुर्चीत मास्तर, समोर पालथा घातलेला तेलाचा डबा आणि डब्यावर तिनेच घातलेलं प्लास्टर. रोज ड्यूटी संपली की ती तिथे यायची, आधी अंगठ्याचं नख दाबायची, मग भांडायची.

भांडायला विषय भरपूर होते. पहिले आठ दिवस त्यांनी तिला इंजिनच सुरू करू दिलं नाही. गाडी हाताने ढकलायची. पुढे ढकल, मागे ढकल, वळव, थांबव. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटे, पेट्रोल संपलंय बिचारीचं. एका आजींनी तर तिसऱ्या दिवशी बाटलीतून पेट्रोल आणून दिलं.

"मी शिकायला आलेय की हिला फिरायला न्यायला?"

"तिचं वजन कुठे झुकतं ते हाताला कळू दे, ताई."

"मला कळलंय!"

"तुम्हाला कळलंय. हाताला नाही."

मग हेल्मेट. तिने दुकानातून आवडीच्या रंगाचं आणलं, ते त्यांनी हलवून बघितलं आणि परत पाठवलं. दुसरंही परत. तिसरं डोक्यावर घट्ट बसलं, तेव्हा त्यांनी हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली. दोनच. "दोन जायला हवीत, तिसरं नको," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. तिला हसू आलं. प्लास्टर फार आवळलं तर नाही ना, हे बघायला ती पण असंच काठाशी बोट घालून बघायची. पण हसू दाखवायची सोय नव्हती. भांडण अर्धवट होतं.

आणि एक गंमत झाली. त्या दिवसापासून मास्तर तिला 'ताई' म्हणायचे बंद झाले. शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ताई म्हणत. साठीच्या शिक्षिकेला आणि दूध घालणाऱ्या मुलीलाही. हिला मात्र आता नुसतं "अहो," किंवा "हे बघा," किंवा काहीच नाही. तिने ते पहिल्या दिवशीच हेरलं, आणि आपण हेरलं याचा तिला राग आला.

घरी आई ऐकून घ्यायची. लेक म्हणायची, "आज म्हणे पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पिळायचा. ओला कपडा पिळल्यासारखा हळूहळू. मला पिळणं शिकवतो, प्लास्टरवालीला! असा हट्टी, एककल्ली, खुर्चीला चिकटलेला—"

"परवा अर्धा तास शिव्या घातल्यास," आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "काल पाऊण. आज तास होतोय. लग्नाआधी तुझ्या बाबांना मी एवढ्याच घालायचे."

"आई!"

"मी काही म्हटलं का? मोटारसायकलच काय, लग्न पण धोक्याचंच. त्याला हेल्मेट तरी कुठे मिळतं!"

चौथ्या आठवड्यात खरी आफत सुरू झाली. गियर जमले, ब्रेक जमले. मग मास्तरांनी तिला आठ काढायला सांगितला. पहिला गोल अर्धा झाला आणि गाडी सरळ मधोमध जाऊन तेलाच्या डब्याला भिडली. ठण्ण!

मास्तरांनी पाय वेळेवर उचलला. अनुभवाने माणूस शहाणा होतो.

"कुठे बघत होतात?"

"समोर!"

"गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. जिथे जायचंय तिथे बघायचं, जे टाळायचंय तिकडे नाही. पुन्हा."

पुन्हा ठण्ण. त्यांनी खुर्ची पूर्वेच्या कोपऱ्यात नेली. गाडी पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. पश्चिमेच्या कोपऱ्यात नेली, ती पश्चिमेला. शेवटी ते भिंतीआड जाऊन बसले, तर उंदीर भिंतीपाशी जाऊन, तिला नाक लावून उभा राहिला. बघायला आलेले मामा म्हणाले, "मला वाटतं गाडीत लोहचुंबक आहे."

"खुर्ची लोखंडाची आहे ना!" ती फणकारली. "म्हणून होतंय."

"लाकडी आणू?" मास्तरांनी सरळ चेहऱ्याने विचारलं.

लाकडी आणली. ठण्ण.

तिला कारण कळत नव्हतं असं नाही. पट्टा आवळला त्या दिवसापासूनच कळलं होतं. हँडल वळवताना डोळा अर्धा क्षण खुर्चीकडे जायचा. ते बघताहेत का? काय चेहरा केलाय? परत हसले की काय? आणि तेवढ्यात पकडलं जाऊ नये म्हणून ती नजर चोरायची, आणि चोरताना हात डगमगायचा. पण हे सांगणार कोणाला? हाड मोडलं तर फोटोत दिसतं. हे कोणत्या फोटोत येणार!

चार दिवस उरले. लायसन्सच्या परीक्षेला बसायला शिकवणाऱ्याच्या सहीचा दाखला लागत असे. तिने दाखला त्यांच्या मांडीवर ठेवला, वर पेन ठेवलं.

"सही."

"नाही."

"चार दिवस राहिलेत!"

"मोजता येतात मला. तुम्ही अजून माझ्यावर येता. उद्या वळणावर समोरून ट्रक आला आणि तुम्ही ट्रककडे बघितलंत तर? डोंगरातलं वळण आहे, माझी खुर्ची नाही. तुमची जागा गेली तर मला वाईट वाटेल. पण तुम्ही—" ते थांबले. "सही नाही."

"मी ट्रककडे नाही बघणार!"

"कशावरून?"

"ट्रक मला आवडत नाही म्हणून!"

भिंतीवरचा कावळासुद्धा मान वळवून बघायला लागला.

बोलून गेलेलं आता परत थोडंच येतं? तिने हेल्मेटची काच वर केली. संतापाने डोळ्यांत पाणी आलं होतं. "हो! बघते मी तुमच्याकडे. खुर्ची लोखंडी असो, लाकडी असो, भिंतीआड असो. मला बघायचं असतं, आणि बघताना दिसायचं नसतं, आणि त्यात गाडी चालवायची असते! एका माणसाने किती कामं करायची? आता सांगून टाकलं. आता चोरायचं काही उरलं नाही. बसा तिथेच, मधोमध. आणि हलू नका!"

काच खाली. गियर. उंदीर निघाला.

तिने एकदाच, उघडपणे, पोटभर त्यांच्याकडे बघून घेतलं. मग मान वळवली आणि चुन्याची रेघ पुढे जिथे वळत होती तिथे नजर लावली. पहिला गोल. मधला फाटा. खुर्चीच्या हातभर अंतरावरून गाडी सुतासारखी सरळ गेली. दुसरा गोल. पुन्हा पहिला. असे अकरा आठ तिने काढले. बारावा पेट्रोल संपलं म्हणून राहिला.

मास्तरांनी सही केली. ती एवढी वाकडी झाली की मामांनाही ओळखू येईना.

आणि बोलले काय? तर, "पुढचा ब्रेक अजून जरा हळू."

बस्स! दुसऱ्या दिवशी, "आरशात बघत चला." तिसऱ्या दिवशी, "पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा." माणसाने काळीज काढून मांडीवर ठेवावं आणि समोरच्याने अंतर ठेवायला सांगावं! त्या रात्रीच्या शिव्या आईने मोजल्याच नाहीत. घड्या घालायला कपडे उरले नव्हते.

शेवटच्या दिवशी सकाळी प्लास्टर काढायचं होतं, दुपारी परीक्षा. कटर घरघरत होता. दोघंही छताकडे बघत होती. तिला खरं तर पायाकडे बघणं भाग होतं, तेवढंच बघत होती. प्लास्टरची दोन शकलं झाली. आतला पाय फिकट, जरा बारीक, पण सरळ. तिने सवयीने अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. गुलाबी.

"जुळलंय," ती म्हणाली. "काठी घेऊन चाला."

"दुपारी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"तुमची मर्जी. मी बघणार नाहीये."

परीक्षेच्या मैदानात साहेब टेबलामागे बसले होते. जांभई देताना शिक्के मारायची त्यांना सवय होती. फाटकाजवळ झाडाखाली काठीवर रेलून मास्तर उभे होते. ते तिला न बघता कळलं. तिने आठ काढला. पाय टेकला नाही, रेघ मोडली नाही, मान वळली नाही. साहेबांची जांभई अर्धी राहिली आणि शिक्का पूर्ण बसला. पास!

मग तिने गाडी वळवली आणि पहिल्यांदा सरळ फाटकाकडे बघितलं.

गाडी नजरेमागे जाते. उंदीर झाडाच्या दिशेने निघाला. रांगेतली माणसं बाजूला पळाली, साहेब उठून उभे राहिले, फाटकावरच्या पहारेकऱ्याने शिट्टी तोंडात धरली ती धरलीच. मास्तर हलले नाहीत. तिने दोन्ही ब्रेक ओला कपडा पिळल्यासारखे पिळले. पुढचं चाक त्यांच्या उजव्या पायापासून चार बोटांवर थांबलं.

"पाय काढायचा होतात!" ती ओरडली.

"कशाला? तुम्ही थांबणार होतात. मी शिकवलंय."

"आणि त्या दिवशी? त्या दिवशी तर मला थांबवताही येत नव्हतं. सात गाड्या पडल्या! सहा आठवडे विचारतेय, पाय का नाही काढलात?"

"बघत होतो."

"एवढा मोठा ढीग अंगावर येताना बघता आणि—"

"गाड्यांकडे नव्हतो बघत." त्यांचे कान सकाळच्या नखापेक्षा गुलाबी झाले. "गाड्यांच्या पलीकडे. पहिलीपाशी."

"पहिलीपाशी काय होतं?"

"आता तेही मीच सांगू?" मास्तर वैतागून म्हणाले. सहा आठवड्यांत ते प्रथमच खरोखर वैतागले होते.

ती बघत राहिली. एवढी बघत राहिली की गाडी सुरू असती तर थेट आरपार गेली असती.

"तीन दिवस..." तिने तीन बोटं नाचवली. "तीन दिवस मला ब्रेक आणि आरसे शिकवलेत! तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा बोललो असतो तर आज आठ निघाला असता तुमचा?"

"नऊ काढला असता मी!"

रांगेतली माणसं खदखदून हसली आणि पहारेकऱ्याच्या तोंडातली शिट्टी त्या हशात खाली पडली. मास्तरांनी हात पुढे करून तिच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घातली. पट्टा ठीक होता. त्यांना ते ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. बोटं तिथे जरा जास्तच वेळ राहिली.

"सोमवारी डोंगरावर," ती हळूच म्हणाली. "पाच दिवस वर, दोन दिवस खाली."

"भांडायला दोन दिवस पुरतात का, बघू."

"बसा मागे. घरी सोडते. आईला तुम्हाला बघायचंय. शिव्या कोणाला देते ते तिने अजून पाहिलेलं नाही." मग ती एकदम थबकली. "हेल्मेट कुठेय तुमचं?"

मास्तरांनी काठीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. "घाईत... राहिलं."

"घाईत?" तिने कमरेवर हात ठेवले. "घाई चालणार नाही, असं कोण म्हणालं होतं? हेल्मेटशिवाय मी नाही बसू देणार."

तिने खाली उतरून किल्ली काढली आणि उंदराला हाताने ढकलायला सुरुवात केली. पहिल्या आठ दिवसांसारखीच, फक्त या वेळी तक्रार न करता. बाजूने काठी टेकत मास्तर. घर फर्लांगभरावर होतं, म्हणून त्यांनी बाजाराला वळसा घालून जाणारा रस्ता धरला. वाटेत त्या आजी भेटल्या आणि "पोरी, परत संपलं?" म्हणून बाटली शोधायला घरात गेल्या.

"नजर रस्त्यावर," मास्तर म्हणाले.

"तुमची आधी," ती म्हणाली.

दोघांपैकी कोणीही ऐकलं नाही.